मुलांना गाव दाखवा
(सानगडी येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे दिलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, अर्धा तास बोला. पण सोपे बोला." मी म्हटले, बरे. सोपे बोलणे मास्तराला अवघड जाते, तरी प्रयत्न करतो. कुठे अडले तर मधेच विचारा. हात वर करण्याची गरज नाही.

तुम्ही आता अक्षरे वाचू लागला आहात. बसची पाटी वाचता, सातबारा वाचता. फार चांगले झाले. आज मला दुसऱ्या एका वाचनाविषयी बोलायचे आहे. ते वाचन तुम्हाला आधीपासून येते. मला मात्र ते फार उशिरा आले.

आधी माझी चूक सांगतो.

१९८४ सालची गोष्ट आहे. वैनगंगेच्या काठाजवळच्या एका गावी मी मास्तर होतो. चाचणी परीक्षा घेतली. प्रश्न होता, "महाराष्ट्रातील नद्या कोठे उगम पावतात व कोणत्या दिशेला वाहतात?" उत्तर ठरलेले होते. सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेला वाहतात. सगळ्या मुलांनी पाठ करून तसेच लिहिले. एका मुलाने लिहिले, "आमची नदी उत्तरेकडून येते आणि दक्षिणेकडे जाते." मी लाल पेन्सिलीने फुली मारली.

पोरगा ढिवराचा होता. बापाबरोबर रोज डोंग्यात बसायचा. वही घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, आमची नदी तं वरून येते नं जी. मी रोज पाहतो." मी त्याला म्हटले, "पुस्तकात जे आहे ते लिही." तो गप्प बसला.

पुढे काही दिवसांनी ऑफिसात भारताचा मोठा नकाशा लावताना माझे लक्ष गेले. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. मुंडारा गावाजवळ. तो सातपुड्याचा भाग. सह्याद्री तिथून शेकडो कोस दूर. तिथून ती वळसा घेऊन खाली येते. आपल्या जिल्ह्यात उत्तरेकडून शिरते, भंडाऱ्यावरून, पवनीवरून दक्षिणेकडे जाते. पुढे वर्धा नदीला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला जाते. पुस्तकातले वाक्य सह्याद्रीच्या नद्यांपुरते खरे होते. आमच्या नदीपुरते पोराचे खरे होते.

मी त्याला जाऊन सांगायला पाहिजे होते. सांगितले नाही. मास्तरकीचा ताठा होता. वर्ष संपले आणि त्या मुलाने शाळा सोडली. फुलीमुळे सोडली असे मी म्हणत नाही, घरी अडचण होती. पण त्याच्या घरावरून मी सायकलने पुष्कळदा गेलो आणि एकदाही उतरलो नाही. हे मी आज तुमच्यापुढे बोलतो आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींची शाळा अशीच सुटली असेल.

त्यानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. शनिवारी सकाळी मुलांना बाहेर न्यायचे. पुस्तक शाळेत ठेवायचे. हेडमास्तर झालो तरी हे सोडले नाही. पालक तक्रार करायचे की मास्तर पोरांना रानात भटकवतो. पण मुलांना इतिहास समजला तो तिथेच. कसा समजला ते सांगतो.

पहिल्यांदा दगड. आपल्या साकोलीच्या भागात टेकडीवरचा दगड उचलून पाहा. पुण्या-नाशकाकडे जो काळा दगड आहे, तसा हा नाही. तिकडचा दगड ज्वालामुखीच्या रसाचा झाला. त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षे झाली. तो काळा दगड नागपूरच्या आसपास संपतो. आपल्याकडचा दगड त्याहून किती तरी जुना आहे. शंभर कोटी वर्षांहून जुना. भूगर्भाचे शास्त्रज्ञ या खडकांना साकोलीचेच नाव देतात. देशोदेशीचे जाणकार त्यांच्या ग्रंथात "साकोली" असे लिहितात, आणि आपल्या पोरांना वाटते की साकोली म्हणजे तहसील आणि बसस्टँड.

मुलांना हे सांगितले की ती दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. एक पोरगी म्हणाली होती, "म्हणजे रायगडाच्या दगडाचा हा आजा झाला." मी म्हटले, आजाचाही आजा.

आता हा दगड कसा आहे? कठीण आहे. पाणी पोटात घेत नाही. जिथे भेग असेल तिथे थोडे मुरते, बाकी वरून वाहून जाते. मी मुलांना एक लोटा पाणी सपाट दगडावर ओतायला लावायचो, आणि एक लोटा नांगरलेल्या बांधीत. मग विचारायचो, पाणी कुठे गेले?

दुसरी गोष्ट पाऊस. आपल्याकडे वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलीमीटर पाऊस पडतो. सोलापूरकडे याच्या निम्मासुद्धा पडत नाही. मग आपल्याला पाण्याची ददात का? मोठ्या माणसांना हा प्रश्न घातला तर तीही विचारात पडतात. तुम्हाला मात्र उत्तर माहीत आहे. पाऊस चार महिन्यांत पडतो. दगड त्याला धरून ठेवत नाही. पाणी उतारावरून नाल्यात, नाल्यातून चुलबंदीत, चुलबंदीतून वैनगंगेत निघून जाते. आणि धानाला पाणी लागते शेवटी. निसवताना लागते, दाणा भरताना लागते. हत्ती नक्षत्र कोरडे गेले तर हाताशी आलेले धान पोचट होते. हे तुम्हाला कोणी शिकवले? बापाने शिकवले, पोटाने शिकवले.

म्हणून तलाव आले. आपल्या इतिहासाची किल्ली इथे आहे. या दगडावर, या पावसात धान पिकवायचे असेल तर पाणी अडवलेच पाहिजे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. गावागावांत तलाव, शेतात बोडी. पूर्व विदर्भात असे हजारो जुने तलाव आहेत. गावांची नावेसुद्धा पाहा. नवेगावबांध. सिरेगावबांध. नावातच बांध आहे.

मुलांना पाळीवर न्या आणि तिथे उभे करा. सांगा, ही पाळ. हे तुडूम, यातून पाणी पाटात सुटते. ही सलंग, म्हणजे सांडवा, जास्तीचे पाणी इथून निघते आणि खालच्या तलावाला जाते. वरचा तलाव भरला की खालचा भरतो. पाळ कुठे बांधली ते नीट पाहायला लावा. दोन टेकड्या जवळ येतात आणि मधून नाला जातो, तिथेच पाळ. कमी मातीत जास्त पाणी. ज्यांनी जागा निवडली त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, कागद नव्हता. पावसात डोंगर चढून पाणी कसे धावते ते त्यांनी पाहिले असेल. दुसरा मार्ग नव्हता.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाज पुढे होता. जुन्या लोकांची अशी कथा आहे की चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि तिथून त्याने कोहळ्यांना आणले. कथेत किती खरे ते सोडा. पण पाणी जोखावे कोहळ्याने, ही आपल्याकडची जुनी ख्याती खरी आहे. तलावाच्या पाण्यावर ते धान घेत, ऊस लावत, गूळ करत. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. त्या तलावाचा घेर सुमारे १७ मैल. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी बांध पुरा करायला मदत केली अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलांचाच देव झाला, कोलासूर. त्याचे ठाणे टेकडीवर आहे. लढाई जिंकणाऱ्याचा देव झाल्याचे आपण ऐकतो. इथे पाणी अडवणाऱ्याचा झाला. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

पण ही गोष्ट सांगून थांबू नका. मुलांना विचारा, एवढी माती कोणी वाहिली? एकट्या पाटलाने वाहिली का? टोपल्यांनी वाहिली. बायांनी वाहिली, मजुरांनी वाहिली. गोंड असतील, महार असतील, ढिवर असतील, कुणबी असतील. त्यांची नावे कुठे नाहीत. आणि पाणी सुटले तेव्हा पहिली पाळी कोणाच्या बांधीला आणि शेवटची कोणाच्या? पाणवठे सर्वांना सारखे मोकळे होते का? नव्हते. हेही तुम्ही जाणता. काही जणांनी ते भोगले आहे. मुलांना सांगताना हे गाळू नका. भूगोलाने तलावाची जागा ठरवली, पाळी माणसांनी ठरवली.

आता गडाकडे वळतो. आपल्या गावाचे नावच गडाचे आहे. सानगडी, सहानगड. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. पोरे तिथे बोरे खायला जातात, आपणही गेलो होतो. मुलांना वर न्या आणि चारी बाजूला पाहायला सांगा. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे जमीन उतरत वैनगंगेच्या खोऱ्यात जाते. तो धानाचा मुलूख. पूर्वेकडे नवेगावचे डोंगर आणि जंगल. मग विचारा, तुम्ही राजाचे शिपाई असता तर कुठे बसला असता? पोरे लगेच सांगतात, "इथंच बसलो असतो जी, इथून सारं दिसते." सारे म्हणजे काय? धान दिसते, धानाच्या गाड्या दिसतात, जंगलातून कोण येते ते दिसते. जिथे पीक तिथे वसुली, आणि जिथे वसुली तिथे शिपाई. हा मुलूख आधी गोंड राजांचा होता. अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांकडे गेला. १८५४ साली इंग्रजांनी घेतला. राजे बदलले, कर धानावरच बसला.

इथे एक मौज सांगतो. वर्गात मी विचारले, "प्रतापगड कुठे आहे?" सगळे ओरडले, "सातारा जिल्ह्यात! शिवाजी महाराज! अफजलखान! १६५९!" शाबास म्हटले. मग विचारले, आणखी एक प्रतापगड कुठे आहे? कोणी बोलेना. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "आम्ही शिवरात्रीला जातो तो?" होय, तोच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला आपला प्रतापगड. तिथे महाशिवरात्रीची यात्रा भरते, आणि तिथेच एक दर्गाही आहे. पोरगा दर वर्षी आईच्या कडेवर बसून तिथे गेला होता. पण परीक्षेच्या पुस्तकात नाही म्हणून त्याला तो प्रतापगड वाटतच नव्हता. साताऱ्याचा प्रतापगड मुलांना आलाच पाहिजे. आपलाही आला पाहिजे.

रस्त्याचे थोडक्यात सांगतो. नागपूरहून रायपूरला जाणारा मोठा रस्ता लाखनी, साकोलीवरून जातो. तो सपाटी पाहून आणि जंगलातली वाट धरून गेला. म्हणून साकोली बाजाराचे गाव झाले आणि सानगडी एका बाजूला राहिली. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या सुमारास रेल्वे आली, ती उत्तरेकडून तुमसरवरून गोंदियाला गेली. पुढे गोंदियाला आणखी फाटे फुटले आणि गोंदिया जंक्शन झाले. तिथे तांदळाच्या गिरण्या आल्या, व्यापारी आले. १ मे १९९९ ला गोंदियाचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आपले नवेगावबांध तिकडे गेले. तलाव जागचा हलला नाही, जिल्हा हलला.

आता जी गोष्ट बोलायला मी आज आलो, ती बोलतो.

पूर्वी तलाव मालगुजाराच्या ताब्यात असे. त्यात जुलूमही होता, वेठही होती. कोणी त्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. पण पाळ फुटली तर धान जाईल हे मालगुजारालाही कळत होते. म्हणून उन्हाळ्यात गाळ निघे, पाळीवर माती पडे. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. १९५१ साली मालगुजारी गेली. तलाव सरकारचे झाले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. तलावांना "माजी मालगुजारी तलाव" असे नाव पडले, आणि त्याचेच "मामा तलाव" झाले. मामाचे तलाव म्हणून लोक हसतात. पण मामाकडे लक्ष कोणाचे? सरकार म्हणे लोकांनी पाणीपट्टी भरावी, लोक म्हणत हा आमचा जुना हक्क. या ओढाताणीत ठिकठिकाणी गाळ साचत राहिला. तुडुमाची फळी कुजली. पाळीवर झाडे वाढली, त्यांच्या मुळांनी पाळीला भोके पडली.

आणि आणखी एक गोष्ट घडली. तलाव उथळ झाला की कडेची जमीन उघडी पडते. गाळाची जमीन, सोन्यासारखी. मग कोणीतरी तिथे धुरे घालतो.

माझ्या शाळेच्या मुलांना घेऊन मी असाच एका तलावावर गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. पाळ, तुडूम, सलंग, सगळे दाखवून झाले. एका मुलीने बोट केले, "गुरुजी, तलावात धान काहून लावले जी? मग पानी कुठं राहील?" तिथे गावची चार मोठी माणसे उभी होती. एकानेही उत्तर दिले नाही. एक जण विडी पेटवू लागला. मीही म्हटले, "चला, उशीर झाला." मुलीने बरोबर प्रश्न विचारला आणि आम्ही पाच मोठी माणसे पळालो. म्हणजे लाल फुली मारल्यानंतर इतक्या वर्षांनी मी पुन्हा तेच केले. फरक एवढाच की या वेळी पेन्सिल नव्हती.

म्हणून तुम्हाला विनंती करायला आलो आहे. मुलांना गावाचा भूगोल दाखवाल तर ती असे प्रश्न विचारणार. त्यांना गप्प करू नका. जमीन कोणाची ते भांडण तुम्ही ग्रामसभेत भांडा. तलावाची मूळ हद्द कुठवर होती ती कागदावर पाहा, आता तुम्हाला कागद वाचता येतो. पण पोराला निदान खरे सांगा की पाणी कुठवर यायचे. म्हाताऱ्यांना ते पाठ आहे. पाणी अमुक झाडापर्यंत यायचे, अमुक दगड बुडायचा. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आणि मास्तर सांगेल, पुस्तक सांगेल म्हणून थांबू नका. पुस्तक मोठ्या शहरात छापतात. त्यात सानगडीला जागा मिळणार नाही, आणि त्यात पुस्तकाची चूक नाही, सगळ्या गावांचे एका पुस्तकात कसे मावेल? बर्डी कोणती, सिहार कोणती, मोरांड कोणती, कन्हार कोणती, हे मला नीट सांगता येत नाही. तुम्ही हातात माती घेऊन सांगता. कोणत्या बांधीत हलके धान लावायचे आणि कोणत्या बांधीत भारी, हे आजाने ठरवले ते का ठरवले? वरच्या बांधीत पाणी लवकर आटते म्हणून. मग श्रीमंताच्या बांध्या खाली तलावाजवळ आणि गरिबाच्या वर बर्डीवर, असे का? बघा, मातीपासून सुरू केले की लगेच इतिहास लागतो.

बायांनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला काय येते? रोवणीच्या बाया सगळे रान ओळखतात. कोणत्या बांधीत चिखल कमरेला लागतो आणि कोणत्या बांधीत पायाला दगड लागतो, हे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे? मुलगी बरोबर असते, तिला सांगा. काम करता करता सांगा. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

एक सावधगिरीची सूचना. सगळे भूगोलावर ढकलू नका. दगड आणि पाऊस हजारो वर्षे इथेच होते. तलाव तेव्हाच झाले जेव्हा माणसे एकत्र आली, कोणी जागा पाहिली, कोणी टोपली उचलली. आजही तसेच आहे. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दचे धरण झाले. १९८८ साली त्याची कोनशिला बसली. त्यात गावे गेली, माणसे उठली. नदी तिथे अरुंद होती की रुंद हे भूगोल सांगेल. कोणाचे गाव जावे हे मात्र माणसांनी ठरवले.

बाई घड्याळ दाखवत आहेत. थांबतो.

एवढे ठरवू या. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण आपल्या तलावाच्या पाळीवर जमू. वर्गाच्या मंडळींनी आपापली मुले, नातवंडे आणावीत. ज्यांनी तुडुमाचे काम पूर्वी केले आहे अशा म्हाताऱ्यांना खाटेवरून उठवून आणा, चालवत नसेल तर सायकलवर बसवा. मी एक जाड वही आणीन. म्हातारे सांगतील, मुले विचारतील आणि लिहायचे काम तुमचे. तुम्हाला आता लिहिता येते. पाणी कुठवर यायचे ते पहिल्या पानावर लिहू. शुद्धलेखन मी तपासणार नाही, लाल पेन्सिल मी घरी ठेवून येईन. एक लोटा मात्र प्रत्येकाने आणावा, आणि पायात चप्पल घालून यावे, त्या बाजूला बाभळीचे काटे फार आहेत.